जनुकीय समुपदेशन कक्ष: आमच्या कुटुंबाने घेतलेल्या सेवेविषयी

स्तनाच्या आणि अंडाशयाच्या आनुवंशिक कर्करोगाची जनुकीय तपासणी करून घेण्यासाठी आता खान्देशाबाहेर जावे लागत नाही. तालुक्याच्या गावातल्या रक्त तपासणी केंद्रातही नमुना घेतला जातो आणि कुरिअरने मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवला जातो. आपल्याकडे मिळत नाही ते तपासणीच्या आधीचे आणि नंतरचे बोलणे. त्यासाठी आम्ही मुंबईतील एका खासगी रुग्णालयाच्या जनुकीय समुपदेशन कक्षात गेलो होतो, आणि हा अभिप्राय त्या सेवेचा आहे. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही. येथे लिहिलेले बहुतेक मुद्दे अशा कोणत्याही कक्षाला लावून पाहता येतील.

आम्ही अमळनेर तालुक्यातले. माझ्या धाकट्या बहिणीला चाळिशीच्या आतच स्तनाचा कर्करोग झाला, आणि आमची आत्या पूर्वी अंडाशयाच्या कर्करोगाने गेली होती. हे दोन्ही ऐकल्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच समुपदेशन घेण्यास सांगितले. स्तनाचे बहुतेक कर्करोग आनुवंशिक नसतात, साधारण ५ ते १० टक्केच असतात. परंतु कमी वयात झालेला स्तनाचा आणि त्याच रक्तातल्या नात्यात झालेला अंडाशयाचा कर्करोग एकत्र दिसला, तर चौकशी केलीच पाहिजे.

पहिल्या भेटीतला बराचसा वेळ वंशावळ काढण्यात गेला, आणि माझ्या मते या सेवेचे खरे मोल तिथेच आहे. समुपदेशक ताईंनी कोरा कागद आडवा ठेवला, बाईसाठी गोल आणि पुरुषासाठी चौकोन काढत तीन पिढ्या मांडल्या, ज्यांना कर्करोग झाला त्यांची खूण भरून काळी केली आणि जे हयात नाहीत त्यांच्यावर तिरकी रेघ मारली. आजी कशाने गेली, या प्रश्नावर आईने सांगितले, "पोटात पाणी झालं होतं." आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कितीतरी बायकांच्या मृत्यूची हीच नोंद आहे: पोटात पाणी, पोटात गोळा. ताई तेवढ्यावर पुढे गेल्या नाहीत. त्या वेळी आजीचे वय काय होते, पोट किती दिवसांत वाढले, जेवण लवकर थांबत होते का, कोणत्या दवाखान्यात नेले होते, हे त्यांनी एकेक करून विचारले, आणि आमच्या आप्पांना, म्हणजे थोरल्या काकांना, तिथूनच फोन लावायला सांगितला. आप्पांना सगळे आठवत होते; त्यांना आजवर कोणी विचारलेच नव्हते. आजीच्या गोलात अंडाशयाचा कर्करोग असे लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह घातले गेले.

त्या कागदामुळे आणखी एक गोष्ट उघड झाली. बायकांचा आजार म्हणजे तो आईकडून आलेला असणार असे घरात सगळे धरून चालले होते, आणि आई ते मुकाट्याने ऐकून घेत होती. सगळ्या काळ्या खुणा मात्र वडिलांच्या बाजूला होत्या. बीआरसीए १ आणि बीआरसीए २ ही दोन जनुके बिघडली की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता वाढते. त्यांतील दोष आईकडून जितका येतो तितकाच वडिलांकडूनही येतो. प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि ज्याच्याकडून तो येतो तो पुरुष आयुष्यभर धडधाकट असू शकतो.

आमच्या चुलत बहिणीने याआधीच तालुक्याच्या गावी एक पॅकेज घेऊन तपासणी केली होती. अहवाल निर्दोष आला, घरात पेढे वाटले गेले आणि तिने मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, बंद केली. समुपदेशक ताईंनी तो अहवाल वाचून दाखवला, तेव्हा कळले की त्यात या जनुकांतले काही ठरावीक बदलच पाहिलेले होते. आधी जिला आजार झाला आहे तिची संपूर्ण तपासणी करायची, दोष नेमका कोठे आहे ते शोधायचे आणि मग निरोगी नातेवाइकांत तेवढाच दोष पाहायचा, हा यातला योग्य क्रम आहे. ही दुसरी तपासणी पहिलीपेक्षा पुष्कळ स्वस्त असते आणि तिचे उत्तर स्पष्ट असते. पॅकेज विकणाऱ्या केंद्रात हे एका वाक्यानेही सांगितले गेले नव्हते, याचा मला अजून राग आहे. चुलत बहिणीने पुढे तो नेमका दोष तपासून घेतला. तिचा निकाल तिचा आहे, म्हणून तो येथे लिहीत नाही.

बहिणीच्या अहवालात बीआरसीए १ मध्ये दोष निघाला. निकाल सांगण्याच्या भेटीत आकडे आले, पण घाईने नव्हे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार असा दोष असलेल्या स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आणि अंडाशयाचा होण्याची सुमारे ४४ टक्के असते. बीआरसीए २ साठी हेच आकडे ६९ आणि १७ आहेत. स्तनांवर एमआरआय आणि मॅमोग्राफीने लक्ष ठेवता येते, परंतु अंडाशयाचा कर्करोग वेळेत पकडून जीव वाचवेल अशी खात्रीची चाचणी नाही. म्हणून बीआरसीए १ मध्ये दोष असलेल्या स्त्रीला, मुले झाल्यानंतर, ३५ ते ४० या वयात अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला देतात. हे सांगताना ताईंनी अकाली पाळी जाणे, हाडे ठिसूळ होणे, मनावर होणारे परिणाम हेही तितक्याच सविस्तर सांगितले आणि निर्णयासाठी वेळ दिला. या दोषामुळे ओलापॅरिबसारख्या कर्करोगावरच्या औषधांचा मार्गही काही रुग्णांना खुला होतो, हेही आम्हाला तिथेच समजले.

त्यानंतर मी माझी तपासणी केली. माझ्यातही तो दोष आहे. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. तिचेही रक्त लगेच घ्यावे असा माझा आग्रह होता. ताईंनी नम्रपणे पण ठामपणे नकार दिला. अठरा वर्षांपर्यंत या तपासणीने तिच्या उपचारात काहीही बदलणार नाही, आणि पुढे ती करायची की नाही हे तिने स्वतः ठरवायचे आहे, असे त्या म्हणाल्या. माझ्या आईच्या तोंडून मात्र वेगळेच निघाले: "आते पोरनं लगीन कसं व्हई?" मुंबईच्या ताईंना अहिराणी येत नव्हती, तरी त्यांनी अर्थ विचारून घेतला आणि आईशी एकटीशी बराच वेळ बोलल्या. भावकीत ही गोष्ट कोणाला, केव्हा आणि किती सांगायची, हा आमच्यासाठी औषधपाण्याइतकाच मोठा प्रश्न होता, आणि त्यांनी तो क्षुल्लक मानला नाही.

सर्वांत मोठी उणीव याच ठिकाणी जाणवली. नातेवाइकांना देण्यासाठी कक्षातून एक पत्र मिळते. दोष कोणता, तपासणी कोणी करावी, कोठे करावी हे त्यात नीट लिहिलेले असते, पण सगळे इंग्रजीत. शहाद्याला दिलेल्या आतेबहिणीकडे आम्ही ते पाठवले, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी ते वाचून घेण्यासाठी चौकातल्या मेडिकल दुकानात नेले, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीला ते ठाऊक झाले. मराठीत असते तर तिने ते एकटीने वाचले असते. मी याबाबत लेखी कळवले आहे. उत्तर सौजन्याचे आले, मराठी पत्र अजून आलेले नाही.

संशोधनाच्या संमतीपत्राबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण तिथे आपली माणसे बिचकतात. बहिणीच्या अहवालात दुसऱ्या एका जनुकात ज्याचा अर्थ अद्याप ठरलेला नाही असा बदलही होता. अशा बदलावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा नसतो. असे बदल भारतीय कुटुंबांत अधिक आढळतात, कारण या विषयाची जगातली माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांकडून गोळा झालेली आहे. आपल्याकडची कुटुंबे आपली माहिती देतील तेव्हाच हे कोडे सुटेल. मुळात बीआरसीए १ चा शोध कुटुंबांमुळेच लागला: अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांच्या गटाने १९९० मध्ये २३ कुटुंबांतील १४६ रुग्णांच्या नोंदींवरून हा आजार १७व्या गुणसूत्राशी जोडून दाखवला, आणि १९९४ मध्ये ते जनुक प्रत्यक्ष हाती आले. संमती न दिल्यास उपचारात फरक पडत नाही हे आम्हाला स्पष्ट सांगितले गेले, आणि आम्ही संमती दिली. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेतही आनुवंशिक कर्करोगावर असे काम चालते.

कक्षाचा कुटुंबांसाठीचा आधारगट आहे, पण तो ऑनलाइन भरतो आणि हिंदी-इंग्रजीत चालतो. माझी बहीण त्यात न बोलता बसून राहिली. अमेरिकेत स्यू फ्रीडमन यांनी १९९९ मध्ये फोर्स ही संस्था काढली, ती अशाच कुटुंबांना एकत्र आणण्यासाठी, आणि त्या स्वतः त्यांच्यापैकीच एक आहेत. जळगाव किंवा धुळ्यात महिन्यातून एकदा चार बायका आपल्या बोलीत बोलायला बसल्या, तर त्या बैठकीसाठी जागा आणि चहापाणी मी आनंदाने बघेन.

जाणाऱ्यांसाठी एवढेच: आधी फोन करून वेळ घ्या आणि रात्रीच्या गाडीने येत असल्याचे सांगून दुपारची वेळ मागा, म्हणजे आजारी माणसाला थोडी विश्रांती मिळते. बायोप्सीचा अहवाल, गेलेल्या नातेवाइकांच्या जुन्या फायली, आणि घरातले सर्वांत वयस्कर असे एक माणूस सोबत न्या. ते येऊ शकत नसेल तर त्या वेळेत फोनजवळ बसायला सांगा. निकाल ऐकण्याची भेट व्हिडिओ कॉलवरही मिळते, पण ती मागितल्याशिवाय कोणी सुचवत नाही.