आधी कन्फ्यूशियस वाचू की मेन्शियस?

प्राचीन चीनमधला सुशासनाचा विचार मुळातून वाचायचाय, पण सुरुवात कन्फ्यूशियसच्या 'अनालेक्ट्स' या संवादसंग्रहाने करू की त्याच्याच परंपरेतल्या नंतरच्या विचारवंताच्या, मेन्शियसच्या, त्याच नावाच्या ग्रंथाने, असं एका मैत्रिणीने विचारलं. मुखपृष्ठांवरची 'यशस्वी नेतृत्वाची सूत्रं' वगैरे बाजूला ठेवूया.

आकाराने 'अनालेक्ट्स' छोटं: 20 प्रकरणं, तुटक संवाद. मात्र संदर्भ ठाऊक नसेल तर अडखळायला होतं, म्हणून टीपा असलेलीच आवृत्ती घ्यावी. मेन्शियस मोठा, पण राजांशी झालेले त्याचे वाद सलग असल्याने गोडी लागते.

राज्यकर्त्याकडून अपेक्षा काय? कन्फ्यूशियसचा भर त्याच्या वागण्यावर. शस्त्रं, अन्न आणि प्रजेचा विश्वास यांतलं काय सोडावं, असं शिष्य विचारतो. आधी शस्त्रं, मग अन्न. विश्वास गेला की राज्य उभंच राहत नाही, हे त्याचं उत्तर.

मेन्शियस थेट पोटापाण्यावर येतो. घराभोवती तुती लावा म्हणजे पन्नाशीच्या माणसांना रेशीम नेसता येईल, तळ्यात बारीक विणीची जाळी टाकू नका, शेतीच्या हंगामात लोकांना वेठीला धरू नका. बळीसाठी नेल्या जाणाऱ्या बैलाची थरथर पाहून छी नावाच्या राज्याच्या राजाने त्याला सोडवलं होतं. हीच दया प्रजेपर्यंत का पोचत नाही, असं मेन्शियस त्याला तोंडावर विचारतो. मला हा प्रसंग सगळ्यात मोलाचा वाटतो. जुलमी राजांबद्दलही तो जास्त निर्भीड आहे: प्रजा आधी, राजा शेवटी.

स्वतःच्या वागण्याला शिस्त लावायची असेल, रोज पानभरच वाचायचं असेल, तर कन्फ्यूशियस. लोकांच्या कामाची जबाबदारी अंगावर असेल तर मेन्शियस. मैत्रिणीला मी तोच सुचवला.