"12 जीबी ग्राफिक्स" म्हणून गळ्यात मारलेला लॅपटॉप, घेण्याआधी हे वाचा

कॉलेजसाठी कोडिंग, कॅडचं (कॉम्प्युटरवर डिझाइन ड्रॉइंगचं) थोडं काम आणि रात्री गेमिंग, बजेट टाइट, अशा वेळी कोणी म्हणालं की याच पैशात नवीन पीस देतो आणि ग्राफिक्स 12 जीबी आहे, तर कोणालाही बरं वाटणारच. मला पण वाटलं. विकणाऱ्याने समोर विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला, जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्स चिपवर) क्लिक केलं आणि 11.9 या आकड्यावर बोट ठेवलं, म्हणे बघ डोळ्यांनी.

आकडा खरा होता, सांगणं खोटं होतं. त्याच आकड्याच्या आजूबाजूला डेडिकेटेड 4.0 आणि शेअर्ड 7.9 लिहिलेलं असतं. ग्राफिक्स कार्डची स्वतःची मेमरी फक्त डेडिकेटेडवाली, शेअर्ड म्हणजे तुमचीच 16 जीबीची अर्धी रॅम, गरज पडली तर वापरायची. 4 जीबी भरली की गेम रॅमकडे पळतो, आणि रॅम कार्डच्या मेमरीपेक्षा कितीतरी स्लो, त्यामुळे टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवरची चित्रं) हायवर टाकले की गेम अडकत अडकत चालतो. हे त्याला माहीत नसेल असं मला अजिबात वाटत नाही, कारण बोट बरोबर त्या एकाच आकड्यावर होतं.

पण खरा राग आला तो अडॅप्टरचा. गेम चालू केला की सुरुवातीला मस्त एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम), आणि मग चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरायला लागायची, थोड्या वेळाने एफपीएस धपकन खाली. लॅपटॉप उलटा करून खालचं लेबल वाचलं तर इनपुट 19.5 व्होल्ट 7.7 अँपिअर, म्हणजे 150 वॅट. अडॅप्टरवर 19.5 व्होल्ट 4.62 अँपिअर, म्हणजे 90 वॅट. पिन तीच, त्यामुळे बसतो, चार्ज पण होतो, नोट्स काढताना काहीच कळत नाही. ओरिजिनल अडॅप्टर काढून दुसराच दिला होता.

मग बाकीचं तपासायला घेतलं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट निघतो, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी शेजारी शेजारी दिसतात. नवीन पीसमध्ये दोन्ही जवळपास सारख्या हव्यात, माझ्यात मोठा फरक आणि सायकल काउंट (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून झाली तो आकडा) 400 च्या वर. विंडोज नवीन टाकलं तरी हा काउंट पुसला जात नाही, तो बॅटरीच्या आतल्या चिपमध्ये असतो. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर वॉरंटी केव्हाची चालू होऊन आता संपत आलेली. म्हणजे वापरलेला पीस, वरून नवीन फिल्म चिकटवलेली. खालच्या स्क्रूंचे माथे घासलेले होते ते पण आता दिसतात.

परत गेलो तर उत्तर एकच, "टेस्ट करून दिला होता ना." आणि बिलावर फक्त "लॅपटॉप 1 नग", ना सिरियल नंबर, ना नवीन की वापरलेला, काहीच नाही. फोनवर जे बोलला त्याचा पुरावा नाही. बराच वाद घातल्यावर 150 वॅटचा अडॅप्टर तेवढा दिला, पैसे परत करायला साफ नकार.

म्हणून कळकळीने सांगतो, पैसे द्यायच्या आधी सिरियल नंबर मागा आणि तिथेच उभं राहून वॉरंटी बघा, बॅटरी रिपोर्ट काढा, लॅपटॉप आणि अडॅप्टर, दोन्हींची लेबलं जुळवा. ग्राफिक्सचे वॅट पण विचारा, कारण एनव्हिडियाच्या आरटीएक्स 3050 ग्राफिक्स कार्डचं नाव तेच असलं तरी लॅपटॉपमध्ये ते कार्ड 35 वॅटपासून 80 वॅटपर्यंत येतं आणि परफॉर्मन्समध्ये चांगलाच फरक पडतो, एनव्हिडिया कंट्रोल पॅनलच्या सिस्टम इन्फॉर्मेशनमध्ये हा आकडा दिसतो. आणि सिरियल नंबर, डेडिकेटेड मेमरी, अडॅप्टरचे वॅट आणि "नवीन" हा शब्द, सगळं बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला कोणी कां कू करत असेल तर तिथून सरळ निघा.