१६० रुपयांची काळी पेन्सिल, आठ महिन्यांनी

"रडलीस का गं?" सकाळच्या लोकलमध्ये हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की शेवटी शेवटी मी सरळ "हो" म्हणायला लागले होते. डोंबिवलीला चढताना डोळ्यांत असलेलं काजळ दादरला उतरेपर्यंत गालावर यायचं. माझ्या पापण्या तेलकट, डोळे जरा वारा लागला की पाणावणारे, आणि वर मुंबईची हवा. काजळाने तरी काय करावं?

या नादात तीन वर्षांत सात-आठ पेन्सिली झाल्या. लेडीज डब्यात टिकल्या-क्लिपांबरोबर विकतात त्या तीस रुपयांच्या काजळापासून भाचीने भरीला घालून घ्यायला लावलेल्या साडेसातशेच्या आयलायनरपर्यंत. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. एकाच कंपनीची एक पेन्सिल गुणाची आणि दुसरी रडवी निघालेली पाहिली आहे, त्यामुळे नावापेक्षा पेन्सिल कुठल्या प्रकारची हे बघणं बरं.

आत्ता वापरतेय ती फेब्रुवारीत दादरला रानडे रोडवर घेतली. लाकडी, शार्पनरने टोक काढायची, १.२ ग्रॅम, १६० रुपये. दुकानातले काका ती दाखवायलाच तयार नव्हते. "ताई, ही आता कोण घेतं? सगळ्यांना फिरवून टोक वर काढायची लागते." मी दोन्हींचे टेस्टर मागितले, हाताच्या मागच्या बाजूला एकेक रेघ ओढली आणि गप्पा मारत मिनिटभर थांबले. हे थांबणं महत्त्वाचं. लगेच घासलं तर कुठलीही रेघ पसरते. मग अंगठ्याने दोन्ही घासल्या. फिरवायच्या पेन्सिलीचा राखाडी डाग झाला, लाकडीची रेघ जागच्या जागी. काकांनी स्वतः घासून पाहिली, तरी ती तशीच.

फरक कशाने पडतो ते नंतर खोका वाचताना कळलं. मऊ काजळात मेण आणि तेल असतं. ते डोळ्यावर चढतं लोण्यासारखं, पण दिवसभर लोण्यासारखंच राहतं, कधी वाळतच नाही. पापणीच्या तेलाशी त्याची लगेच मैत्री होते आणि दोघं मिळून खाली उतरतात. माझ्या पेन्सिलीच्या घटकांच्या यादीत सुरुवातीलाच आयसोडोडेकेन आहे. ते उडून जातं आणि मागे रंगाचा पातळ पापुद्रा राहतो. सायक्लोपेंटासिलॉक्सेन दिसलं तरी तोच प्रकार. यादीत पहिली चार नावं नुसती तेलं आणि मेणं असतील, तर पुढे कितीही तासांचा दावा छापलेला असो, मी ती परत ठेवते.

वाळणाऱ्या पेन्सिलीला लावण्याची रीत मात्र वेगळी लागते, आणि पहिले पंधरा दिवस मी ती चुकवत होते. दोन्ही डोळ्यांना रेघ ओढायची, मग बोटाने सारखं करायचं, ही जुनी सवय. दुसऱ्या डोळ्याचं होईपर्यंत पहिला वाळलेला असायचा आणि बोट लावलं की त्याचे टवके निघायचे. आता एक डोळा पूर्ण, मग दुसरा. आधी वरची पापणी टिश्यूने टिपून घेते, पापण्यांच्या केसांच्या मुळाशी छोटे छोटे ठिपके देते, ते जोडते आणि अर्धा मिनिट खाली बघत राहते. तेवढ्यात जेवणाचा डबा भरून होतो.

टिकण्याचं खरं सांगायचं तर वरच्या पापणीवर सकाळी साडेसहाला लावलेली रेघ रात्री आठला शाबूत असते, फक्त बाहेरच्या कोपऱ्यात थोडी फिकी. खालच्या पापणीच्या आतल्या ओल्या कडेला, जिथे आपण काजळ घालतो तिथे, तीन तास. फार तर साडेतीन. तिथे मी सगळ्या पेन्सिली लावून बघितल्या, साडेसातशेचीसुद्धा. सतत ओल्या राहणाऱ्या जागेवर काय टिकणार? शिवाय त्याच कडेवर तैलग्रंथींची तोंडं असतात, म्हणून डोळ्यांचे डॉक्टरही आत घालू नका म्हणतात. मी आता खाली आत घालतच नाही. सुरुवातीला डोळे बोडके वाटले, मग सवय झाली.

जुलैत एकदा रुळांवर पाणी भरलं आणि गाडी कुर्ल्याच्या अलीकडे तासाभराहून जास्त वेळ उभी राहिली. पंखे बंद, खिडक्या लावलेल्या, माणसावर माणूस. घाम कपाळावरून थेट डोळ्यांत. समोरची मैत्रीण माझ्याकडे रोखून बघतेय म्हटल्यावर मी सवयीने रुमाल काढला, तर म्हणते, "पुसू नकोस, काही झालेलं नाहीये. कुठली गं ही?" माझ्यापुरते १६० रुपये तिथेच वसूल झाले.

आता रड. टोपण ढिलं राहिलं की संपलं. मे महिन्यात गावी जाताना पेन्सिल घरीच राहिली, टोपण अर्धवट लावलेलं. चार दिवसांनी टोक दगड झालं होतं. दोन मिलिमीटर सोलल्यावर आतलं बरं निघालं. त्याच महिन्यात उकाड्याने ती इतकी मऊ पडली की शार्पनरमध्ये तीनदा मोडली. तेव्हापासून टोक काढायच्या आधी दहा मिनिटं फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी. मुलगा रोज विचारतो, "आई, पेन्सिलला ताप आलाय का?" रंगही अगदी कोळशासारखा नाही, वाळल्यावर किंचित राखाडीकडे झुकतो. आणि काढताना पाण्याने ढिम्म हलत नाही. पहिल्या आठवड्यात फेसवॉशने घासघासून डोळे लाल करून घेतले. आता कापसावर खोबरेल तेल, वीस सेकंद नुसतं दाबून धरायचं, मग पुसायचं.

सासूबाईंचं म्हणणं, एवढ्या उठाठेवीपेक्षा घरी काजळ पाड. एरंडेलाचा दिवा, वर तांब्याची ताटली, काजळीत साजूक तूप. मी एकदा त्यांच्या समाधानासाठी केलं. दिसायला सुरेख, ठाणं यायच्या आत गालावर.

पैशांचा हिशेब असा: फिरवायच्या काजळात बहुधा ०.३५ ग्रॅम माल असतो. माझं शेवटचं २२५ रुपयांचं होतं आणि अडीच महिन्यांत संपलं. ही पेन्सिल ग्रॅमला १३३ रुपयांच्या आसपास पडते. त्यातलं निम्मं शार्पनरने खाल्लं असं धरलं तरी स्वस्तच, आणि दर वेळी टोक नवं मिळतं ते वेगळंच.

आता ती करंगळीच्या दोन पेरांएवढी उरली आहे, चिमटीत नीट धरवत नाही. काल दुसरी आणली, १७५ झाली म्हणे. काका म्हणाले, "परत हीच?" पैसे देण्याआधी टोपण लावून कट् असा आवाज येतो का ते ऐकलं. पहिल्या दोन पेन्सिलींचा आला नाही, तिसरीचा आला.