टिळक रस्त्यालगतची हार्ड डिस्क दुरुस्ती : निदान चोख, पावती मोघम

आमच्या गायनवर्गाची जुनी ध्वनिमुद्रणे ज्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर होती, ती एके दिवशी संगणकाला जोडल्यावर दिवा लागला, टक् टक् आवाज येत राहिला आणि डिस्क काही दिसेना. असा आवाज म्हणजे हेड, म्हणजे डिस्कमधल्या तबकडीवरची माहिती वाचणारा भाग, गेले, असे सर्रास धरून चालतात. शहरातील एका दुकानाने तर डिस्क हातातही न घेता तोच निष्कर्ष काढून भरमसाट खर्च सांगितला. त्यानंतर टिळक रस्त्यालगतच्या गल्लीतील एका लहानशा दुकानात ती नेली, आणि हा अभिप्राय त्या दुकानाविषयी आहे.

"काका, आवाज येतोय म्हणजे डिस्क गेलीच असं नाही, आधी करंट बघू," असे म्हणून तेथील तंत्रज्ञाने डिस्क संगणकाऐवजी टेबलावरच्या पॉवर सप्लायला जोडली. अडीच इंची डिस्कची मोटर सुरू होताना सर्वाधिक वीज खेचते, यूएसबी 2.0 पोर्टची मर्यादा 500 मिलिअँपिअर आणि 3.0 ची 900 असल्यामुळे पोर्ट कमजोर असला, केबल लांब वा हलकी असली किंवा वाटेत कुठे जोड सैल असला, तर मोटर पुरता वेग घेण्याआधीच वीज अपुरी पडते, डिस्क पुन्हा पहिल्यापासून प्रयत्न करते आणि हेड बिघडल्यासारखाच आवाज येतो. आमच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. आवरण उघडून त्यांनी भिंगाखाली दाखवले, तेव्हा यूएसबी पोर्टच्या एका पायाभोवती डाखाला (सोल्डरला) गेलेली केसाएवढी चीर मलाही स्पष्ट दिसली.

डिस्क काढून दुसऱ्या आवरणात घालावी, हा नेहमीचा उपाय येथे लागू पडत नव्हता, कारण अलीकडच्या बऱ्याच मॉडेलांत यूएसबी पोर्ट थेट डिस्कच्या सर्किट बोर्डावरच असतो आणि काहींमध्ये डेटा त्याच बोर्डावर एन्क्रिप्ट होतो, म्हणजे सांकेतिक रूपात बदलला जातो. तसाच दिसणारा दुसरा बोर्ड बसवूनही भागत नाही; त्या विशिष्ट डिस्कची मोजमापे मूळ बोर्डावरील चिपमध्ये असतात आणि ती चिप नव्या बोर्डावर न्यावी लागते. हे सारे त्यांनी न विचारता आणि न कंटाळता समजावले.

डाख नव्याने लावल्यावर डिस्क सुरू झाली, तरी त्यांनी ती लगेच हवाली केली नाही. डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ज्या 'स्मार्ट' नोंदी ठेवते, त्यांत 197 क्रमांकापुढे, म्हणजे वाचता न आलेल्या सेक्टरांपुढे (साठवणीच्या लहान खंडांपुढे), शून्य नव्हते. म्हणून अडणारे भाग मागे ठेवत आधी संपूर्ण डिस्कची प्रत काढली. विंडोजमधला डिस्क तपासणारा चेकडिस्क चालवून पाहावा का, या माझ्या प्रश्नाला त्यांनी ठाम नकार दिला, कारण तो प्रोग्राम दुरुस्ती करताना मूळ डिस्कवरच लिहितो. टेबलावर दुसऱ्या कुणाची साडेतीन इंची डिस्क होती. 12 व्होल्टच्या जागी लॅपटॉपचा 19 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावल्याने तिच्या बोर्डावरचा संरक्षक डायोड शॉर्ट झाला होता. डायोडने स्वतःचा बळी देऊन बाकीचे वाचवले, हे सांगताना त्या गृहस्थांना झालेला आनंद पाहण्यासारखा होता.

तक्रारी आहेतच. पावतीवर फक्त 'एचडीडी रिपेअर' एवढेच लिहिलेले असून कारण, केलेले काम आणि आधी सांगितलेला खर्च यांचा उल्लेख नाही; एवढे नेटके निदान करणाऱ्याने दोन ओळी लिहायला हरकत नव्हती. फोन बहुधा उचलला जात नाही. ज्या डिस्कचे हेड खरोखरच गेले आहे, ती हे दुकान उघडत नाही: हेड आणि प्लॅटर (माहिती साठवणारी तबकडी) यांच्यातले अंतर काही नॅनोमीटरच असल्याने धुळीचा एक कणही घातक ठरतो आणि ते काम धूळ गाळलेल्या क्लीन रूममध्येच व्हावे, असे ते सरळ सांगतात. जाताना मूळ केबल, असल्यास अ‍ॅडॉप्टर आणि प्रतीसाठी तेवढ्याच किंवा अधिक क्षमतेची रिकामी डिस्क सोबत न्यावी. दुकानात नवी डिस्क मिळते, पण बाजारभावापेक्षा महाग.