शेवटचे तीन दिवस अंडी कुठं ठेवायची, मशीनमध्ये की खुडूक कोंबडीखाली?

आधीच सांगतो, अंडी उबवायला मशीन (इन्क्युबेटर) घ्यावं की खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली कोंबडी बसवावी हा जुना वाद मी काढत नाहीये. ज्याने एक-दोन बॅच काढल्यात त्याला तापमान, अंडी फिरवणं, टॉर्चवर धरून आत पिल्लू वाढतंय का बघणं हे सगळं माहीतच असतं. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे, की अठराव्या दिवशी, म्हणजे पिल्लं निघायच्या तीन दिवस आधी, अंडी फिरवणं बंद केल्यावर ती मशीनमध्येच राहू द्यायची का उचलून खुडूक कोंबडीखाली सरकवायची. मी दोन्ही करून बघितलंय आणि तेही खानदेशात, चोपड्याकडे, जिथं एप्रिल लागला की दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही.

मशीनची बाजू आधी घेतो. माझं ५६ अंड्यांचं साधं ऑटोमॅटिक आहे, पंख्याचं, आणि पहिले १८ दिवस त्याने मला कधी दगा दिला नाही. कोंबडीखाली गावठी अंडी १०-१२ बसतात, इथं एकदम ४० लावता येतात, त्यामुळे पिल्लं विकायची असतील तर मशीनशिवाय भागत नाही हे मी पण मानतो. लाईट जाते तो विषय वेगळा, इन्व्हर्टर घेतला की मिटतो. उन्हाळ्यात खोलीच ४० च्या वर गेली की मशीन अंडी गार करू शकत नाही, ते फक्त तापवायला शिकलेलं असतं, त्यावर कूलर लावा, मी लावतो, आणि कूलरमुळे खोलीत जरा ओलावा पण राहतो. इथपर्यंत तक्रार नाही.

तक्रार आहे ती झाकणाची.

मागच्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गोष्ट. बहीण माहेरी आलेली, भाचे दोन, शेजारची पोरं चार, आणि मी नेमकी त्याच हिशोबाने अंडी लावलेली की पोरांना पिल्लं निघताना दाखवू. ४० लावली होती, अठराव्या दिवशी टॉर्चवर बघून ३१ ठेवली, ट्रेमध्ये पाणी भरलं, ह्युमिडिटी मीटर ६८ वर, सगळं व्यवस्थित. विसाव्या दिवशी दुपारी पहिल्या अंड्याला टोचा पडला, म्हणजे पिल्लाने आतून चोचीने भोक पाडलं. पोरं काचेला नाक लावून बसली. रात्री बघितलं तेवढंच भोक, सकाळी बघितलं तरी तेवढंच, आतून चिवचिव चालू. बहीण म्हणाली, "दादा, मरेल ना रे ते, काढ ना." मला पण राहवेना. झाकण उघडलं, अंडं घेतलं, चिमट्याने थोडं थोडं टरफल काढलं, मध्ये भाच्याने दोनदा झाकण वर करून बघितलं, मी अंडं परत ठेवायला पुन्हा उघडलं. पिल्लू निघालं, टाळ्या वाजल्या, मी पण छाती फुगवून फिरलो.

पण मीटर ६८ वरून तिशीत आला होता आणि वर चढायला अर्ध्या तासाच्या वर लागला. तेवढ्या वेळात बाकीची चार अंडी टोचा मारून बसलेली होती. आपल्याकडची आखाजीतली हवा म्हणजे नुसती भट्टी, तिने त्या चारींचा टरफलाखालचा पापुद्रा वाळवून टाकला. संध्याकाळपर्यंत पांढरा, कडक, पतंगाच्या कागदासारखा झालेला आणि पिल्लाच्या अंगाला असा चिकटलेला की त्याला आत फिरताच येईना. आणि पिल्लाला आत गोल फिरूनच टरफल कापावं लागतं, तेच बंद. म्हणजे ती चार माझ्यामुळे अडकली. मग त्यांना सोडवायला परत झाकण, परत मीटर खाली, परत नवीन टोचे मारलेली दोन अडकली. असं रात्री दोनपर्यंत चाललं. ३१ मधून २२ निघाली, त्यातली सात मी हाताने काढली, आणि त्या सातपैकी निदान सहा मीच अडकवली होती असं मला आता वाटतं. पहिलं तर बहुतेक थोडा धीर धरला असता तर आपलं आपण निघालं असतं.

मोजमापाच्या भाषेत याला काही अर्थ नाही हे मला कळतं, एका घरातली एक बॅच. तुमच्याकडे मोठं मशीन असेल, हॅचर (फक्त पिल्लं निघायच्या दिवसांचं मशीन) वेगळा असेल, ओलावा भरून काढणारा फवारा असेल, तर हा त्रास तुम्हाला होणारही नाही. थंडीत मलाही इतका होत नाही. पण लहान मशीनचं गणितच असं आहे की एकाला मदत करायची तर बाकीच्यांना शिक्षा.

त्यानंतरच्या बॅचला मी अठराव्या दिवशी रात्री अंडी उचलून दोन खुडूक कोंबड्यांखाली वाटून टाकली. माय तेव्हा खाटेवरून म्हणाली, "तिले समदं समजस, तू मधमा हात नको घालू." मला तेव्हा रागच आला होता.

कोंबडीखाली काय होतं? खुडूक बसलेल्या कोंबडीच्या पोटाखालची पिसं झडून कातडी उघडी पडते, अंडं थेट त्या कातडीला लागतं, आणि अंगाखालची हवा अडकून राहते, बाहेर लू चालू असली तरी. ती टरफल सोलून पिल्लाला बाहेर काढते असं मात्र माझ्या तरी बघण्यात नाही, तसं कुणी सांगितलं तर मी गप्प बसतो. ती फक्त उठत नाही आणि आतून आवाज आला की हळू आवाजात गुटरत बसते. झाकण नाही हाच मोठा फायदा. एखादं अडकलंच तर हात घालून तेवढं एक अंडं बाहेर काढायचं, बाकीची नऊ तिच्या पोटाखाली जशीच्या तशी. मला हे एवढं साधं आधी का सुचलं नाही कोण जाणे.

त्या वेळी १९ मधून १७ निघाली. एकाला हात लावावा लागला, ते पिल्लू चुकीच्या टोकाला होतं, म्हणजे हवेची पोकळी रुंद बाजूला असते आणि पिल्लाने टोचा निमुळत्या बाजूला मारला होता. अशा वेळी मदतीला पर्याय नसतो बऱ्याचदा.

आता मदत म्हणजे काय, कारण मशीन घ्या नाहीतर कोंबडी, ही वेळ येतेच. टोचा पडल्यावर पिल्लू थांबतं म्हणजे ते अडकलंय असं नसतं. त्या वेळात पापुद्र्यातल्या बारीक शिरांमधलं रक्त आत खेचलं जातं आणि उरलेलं बलक बेंबीतून पोटात जातं. कोंबडीच्या पिल्लाला यात २४ तास सहज लागतात, बदकाच्या पिल्लाला ४८ पर्यंत. आधी ओढलं तर रक्त येतं, किंवा बलकाची पिशवी बाहेर लोंबत राहते. माझ्या पहिल्या वर्षी दोन पिल्लांचं मी हे करून ठेवलं होतं, रात्रसुद्धा काढली नाही त्यांनी. त्यामुळे टोचा दिसला की मी टरफलावर पेन्सिलने वेळ लिहितो, मनाच्या घड्याळावर विश्वास ठेवायचा नाही, रात्री जागताना दोन तास सहा वाटतात.

वेळ उलटून गेली, आवाज मंद होत चाललाय, पापुद्रा पांढरा पडलाय, तरच हात. टोच्याभोवतीचं टरफल तांदळाएवढं थोडं थोडं काढायचं, फक्त हवेच्या पोकळीच्या भागातलं. पापुद्रा कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने ओला करायचा, ओला झाला की तो काचेसारखा पारदर्शक होतो आणि खालच्या शिरा दिसतात. लाल शीर दिसली की थांबायचं, तसंच परत ठेवायचं, चार-सहा तासांनी पुन्हा बघायचं. काही जण खोबरेल तेल लावतात, ते पाण्यासारखं लगेच उडून जात नाही म्हणून मला पण बरं वाटतं, फक्त नाकपुड्यांच्या जवळ नेऊ नका. पिल्लू आत तोंड उघडझाप करत असेल, चावल्यासारखं, तर त्याचं बलक अजून ओढणं चालू आहे असं समजायचं. आणि शेवटचा धक्का त्याचा त्याला देऊ द्यायचा, डोकं आणि मान मोकळी करून दिली की पाय ते आपोआप मारतं. दाणा-पाण्याची घाई नको, पोटातल्या बलकावर ते दोन-तीन दिवस काढतं, म्हणूनच तर एक दिवसाची पिल्लं खोक्यातून इतक्या लांब पाठवता येतात.

मशीनच्या बाबतीत हे सगळं करताना माझा एक डोळा मीटरवर असतो. कोंबडीजवळ बसून करताना नसतो. एवढाच फरक, पण रात्री एक वाजता तो फार मोठा वाटतो.

कोंबडीचे दोष लपवत नाही. एक तर ती तुमच्या तारखेला खुडूक बसली पाहिजे, आणि निदान पाच-सहा दिवस आधीपासून बसलेली पाहिजे, नाहीतर नवीन अंडी बघून उठते. मी तिला तोवर बाजारातली साधी अंडी देऊन ठेवतो आणि बदली अंधारात करतो. पहिलटकरीण असेल तर पिल्लाला टोचून मारते कधी कधी, ते बघवत नाही. उवा असतात, त्याआधी बघून घ्यायला लागतं. मुंगूस, बोका, ही राखण वेगळी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पहिली पिल्लं निघाली की एक-दीड दिवसात ती त्यांना घेऊन उठते, मागे राहिलेली अंडी थंड. तेव्हा मशीन चालू ठेवलेलं असावं, मागची अंडी परत त्यात टाकता येतात. म्हणजे बघा, मशीन मी काढून टाकलेलं नाही, फक्त बाळंतपणाची जबाबदारी त्याच्याकडून घेतली.

पावसाळ्यातलं एक सांगायला हवं, नाहीतर कोंबडीची उगाच जाहिरात होईल. कानबाईच्या सणाच्या, म्हणजे श्रावणातल्या सुमाराची बॅच माझी कोंबडीखाली पण बिघडली. तेव्हा हवेतच इतका ओलावा की पहिल्या १८ दिवसांत अंड्याचं वजन पुरेसं उतरलंच नाही. साधारण १२-१४ टक्के उतरायला हवं, म्हणजे ५० ग्रॅमचं अंडं टोच्याच्या वेळेला ४३-४४ वर. ते उतरलं नाही की हवेची पोकळी लहान राहते, पिल्लू आत फुगलेलं, निघालं तरी डिंकात बुडवल्यासारखं चिकट. हे आधीच्या १८ दिवसांचं पाप, शेवटच्या तीन दिवसांत कोंबडी ते धुऊन काढत नाही. आता पावसाळ्यात मी ट्रेमध्ये जवळजवळ पाणीच घालत नाही आणि चार अंड्यांचं वजन काट्यावर बघत राहतो.

बदकांचं माझं मत थोडं डळमळीत आहे. खाकी कॅम्पबेल ही बदकाची जात स्वतः क्वचितच खुडूक बसते, त्यामुळे तिची अंडी मशीन नाहीतर कोंबडी. २८ दिवसांची, म्हणजे पंचविसाव्या दिवशी हलवायची. कोंबडीच्या आणि बदकाच्या अंड्यांची एकाच कोंबडीखाली खिचडी करू नका. कोंबडीची पिल्लं फटाफट निघतात, बदकाचं पिल्लू टोचा मारून दीड-दोन दिवस निवांत पडून राहतं, आणि तोवर बाई उठून गेलेली असते. मी हे केलं आणि तीन बदकं रात्रभर मांडीवर टॉवेलमध्ये घेऊन बसलो. नुसती बदकाची असतील तर कोंबडी बसते नीट, सात-आठ अंडी पुरतात. तरी बदकाच्या अंड्याचा पापुद्रा वाळण्याची भीती मला जास्तच वाटते, म्हणून कोंबडीखाली असतानाही मी दिवसातून एकदा त्यांच्यावर कोमट पाण्याचा हलका हात फिरवतो. गरज आहे का नाही, खात्रीने सांगत नाही. पुढे ती पिल्लं हौदात उतरली की कोंबडी काठावर जो गोंधळ घालते तो बघायला मात्र गल्ली जमते.

तर, शंभराच्या पुढं अंडी लावत असाल, नोकरी असेल, खुडूक कोंबडी सांभाळायला वेळ नसेल, तर मशीनमध्येच राहू द्या, फक्त शेवटचे तीन दिवस झाकणावर चिकटपट्टी मारा आणि किल्ली असेल तर मायजवळ द्या. वीस-तीस अंडी असतील आणि दारात दोन-तीन शहाण्या कोंबड्या असतील, आणि उन्हाळा आपल्याकडचा असेल, तर मी काय करेन ते एव्हाना कळलंच असेल.

सध्या मशीनमध्ये २६ अंडी आहेत, आज सोळावा दिवस. काळी कोंबडी आठवडाभर बसून आहे, दुसरी जी लाल आहे ती काल दुपारी उठून ज्वारीच्या कडब्यात जाऊन बसली, तिचं काही खरं नाही. शेजारच्या काकूंकडे एक आहे, परवा रात्री मागून आणेन.