‘हंड्रेड परसेंट प्युअर’ की ॲगमार्क?

नागपूरच्या इतवारीत तूप, मध किंवा तिखट घेताना डब्यावर दोन प्रकारची ग्वाही दिसते: ठळक अक्षरांतले ‘हंड्रेड परसेंट प्युअर’ आणि कोपऱ्यातला ॲगमार्कचा, म्हणजे शेतमालाच्या प्रतीचा सरकारी शिक्का.

पहिली ग्वाही उत्पादक स्वतःच स्वतःला देतो. अन्नसुरक्षा कायद्यात ‘शंभर टक्के’ या दाव्याची व्याख्याच नसल्यामुळे तो कशावरून मोजला, हे विचारण्याची सोय ग्राहकाला राहत नाही. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये अर्कात पाणी मिसळून तयार केलेल्या फळरसांवरून हा दावा काढायला लावला आणि मे २०२५ मध्ये तो कोणत्याच खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर किंवा जाहिरातीत वापरू नये, अशी सूचना दिली. खरे तर हे बरेच आधी व्हायला हवे होते.

ॲगमार्क मात्र १९३७ च्या प्रतवारी कायद्यावर उभा आहे. तो पदार्थाला सर्वगुणसंपन्न म्हणत नाही, तर ठरवून दिलेल्या निकषांनुसार त्याची प्रत सांगतो आणि त्यामागे नमुन्यांची तपासणी असते. त्यासाठीची केंद्रीय ॲगमार्क प्रयोगशाळा नागपुरातच आहे, हे अनेक नागपूरकरांच्या गावीही नसते.

अर्थात बहुतेक पदार्थांसाठी हा शिक्का ऐच्छिक असल्याने तो नसलेले तूप भेसळीचेच, असे म्हणता येत नाही. तरीही बंद डब्यांपैकी निवड करायची झाल्यास मी शिक्क्यालाच पसंती देईन. सुट्या मालाला मात्र यांपैकी कोणताच आधार नसतो आणि तेथे ओळखीच्या दुकानदारावरच विसंबावे लागते.