सीएनसी राउटरची फ्रेम: गोव्यात ॲल्युमिनियम घ्यावं की लोखंड?

घरी सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणारं मशीन, बांधायचं मनात घेतलेला माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतो तो मोटार केवढी घ्यावी हा. माझ्या मते तो सर्वांत शेवटचा प्रश्न. आधी ठरते ती फ्रेम, आणि फ्रेम ठरते ती तुम्ही काय कापणार आणि कधी कापणार यावरून. गोव्यात हे ‘कधी’ फार महत्त्वाचं. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. लाकूडकामाची खरी घाईही त्याच दिवसांत असते: चवथीची मखरं, जाळ्या, देव्हाऱ्याच्या कमानी, आणि पाठोपाठ नवरात्र. मशीन ऐन श्रावणात, भिंतीला ओल आलेली असताना रोज चालणार आहे, हे धरूनच निवड करायला हवी.

प्लायवूड किंवा एमडीएफची फ्रेम मी सरळ बाद करतो. कोरड्या हवेच्या गावात शिकण्यापुरती ती चालते. इथे एमडीएफच्या कडा पावसाळ्यात फुगतात, बोल्ट सैल पडतात आणि मार्चमध्ये गुण्यात (काटकोनात) बसवलेलं मशीन जुलैत गुण्यात राहत नाही. मशीनच्या टेबलावर बलिदानाचा पाट म्हणून, म्हणजे कापणारं बिट आरपार गेलं तर तेच कापलं जावं म्हणून, एमडीएफ जरूर टाका. तो पावसाळा सरला की वरून एक हात मारून सपाट करता येतो. पण आधाराला एमडीएफ नको.

मग खरी तुलना उरते ती ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलची, म्हणजे लांबभर खाचा असलेल्या तयार दांड्यांची, आणि वेल्ड केलेल्या चौकोनी लोखंडी पाइपची.

ताठपणात लोखंड सरस आहे यात वाद नाही. त्याच मापाच्या, त्याच जाडीच्या तुकड्यात ते ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ असतं. पण आपण त्याच मापाचे तुकडे वापरत नाही. गॅन्ट्रीचा, म्हणजे टेबलावर आडव्या उभ्या असलेल्या कमानीचा, आडवा तुकडा किती वाकतो हे त्याच्या लांबीच्या घनावर ठरतं: लांबी दुप्पट केली की वाक आठपट. म्हणून ६०० मिलिमीटर रुंदीच्या मशीनवर ८० बाय ८० चं जाड प्रोफाइल लाकडासाठी पुरून उरतं, आणि १२०० वर तेच प्रोफाइल नांगी टाकतं. आठ बाय चार फुटांचा अख्खा शीट मशीनवर चढवायचाच असेल तर लोखंडाशिवाय गत्यंतर नाही. दोन बाय तीन फुटांत काम भागत असेल, तर लोखंडाचा जास्तीचा ताठपणा सागवान, शिवण, फणस कापताना तुमच्या हाताला कधी जाणवणारही नाही. ॲल्युमिनियमच्या प्लेटी रोज कापायच्या असतील तर गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक काडीचा ताठपणा कामी येतो.

लोखंडाची खरी अडचण वजनात नाही, वेल्डिंगमध्ये आहे. फोंड्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी हे नीट पाहिलं. पाइप टेबलाला क्लॅम्प केलेला, मधोमध डायल गेज टेकवलेलं, काटा शून्यावर. टोकाला ठिपक्याएवढा टाका मारला तेव्हा काटा हललाही नाही. मग चार इंचांचा सलग टाका ओढला. वेल्ड लाल होता तोवर काटा जागेवर होता. तो काळा पडत गेला तसा काटा हळूहळू सरकू लागला आणि गार होईपर्यंत सरकतच राहिला. क्लॅम्प सोडल्यावर आणखी एक उडी मारली. डोळ्यांना पाइप सरळच दिसत होता. रेलला, म्हणजे गाडी जिच्यावरून सरकते त्या पोलादी पट्टीला, मात्र हा वाक सोसत नाही, कारण चौकोनी रेल ज्या पृष्ठभागावर आवळाल त्याचाच आकार घेते, आणि मग गाडी एका टोकाला लोण्यासारखी आणि दुसऱ्या टोकाला अडत चालते.

यावर उपाय दोन. पहिला म्हणजे वेल्ड झालेली फ्रेम मोठ्या मशीनवर चढवून रेलच्या बैठका मिल करून घेणं. कुंडई, मडकई, वेर्णे इथल्या औद्योगिक वसाहतींत जॉबवर्क करणारे आहेत, पण दीड मीटरचा एकच नग, तोही हौशी माणसाचा, घ्यायला सगळे तयार होत नाहीत. गोव्यातली मंडळी चोर्ला घाटाने बेळगावला उद्यमबागेत जातात ती याचसाठी. तिथे फाउंड्र्या आणि मशीन शॉप पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि एका नगाचं काम त्यांना नवं नाही. दुसरा उपाय घरच्या घरी होतो: बैठकीभोवती पट्ट्यांचा बांध घालून पातळ इपॉक्सी ओतायचं आणि ते आपलं आपण समतल होऊन घट्ट व्हायचं. छान पद्धत आहे, पण दमट हवेत अनेक इपॉक्सींवर मेणासारखा चिकट थर धरतो. हे काम जानेवारी ते मार्चमध्येच करावं.

ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलला यातलं काहीच लागत नाही. कापून आणलेले तुकडे, कोन, टी-नट आणि ॲलन की. टोकं काटकोनात कापलेली हवीत, एवढंच पाहायचं. बाकी चूक झाली तर बोल्ट ढिला करून पुन्हा गुण्यात आणता येतं. लोखंडात चूक झाली की ग्राइंडर. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला तर निवडच नाही, वेल्डिंग तिथे कोण करू देणार! ॲल्युमिनियमवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की ते उष्णतेने जास्त प्रसरण पावतं आणि त्यावर आवळलेली पोलादी रेल वाकते. आक्षेप खरा आहे: दहा अंशांच्या फरकाला मीटरभर ॲल्युमिनियम सुमारे ०.२३ मिलिमीटर वाढतं, पोलाद ०.१२. नागपुरात मी याचा विचार केला असता. आपल्याकडे समुद्रामुळे घरातल्या तापमानात तेवढी उलथापालथ होत नाही. लाकडाच्या कामाला हा मुद्दा सोडून द्यावा.

गंजाचं काय? लोकांना वाटतं लोखंडी फ्रेम गंजेल म्हणून ॲल्युमिनियम घ्यावं. हे कारण चुकीचं आहे. लोखंडी फ्रेमला प्रायमर आणि दोन हात रंग दिला की ती वर्षानुवर्षं टिकते. गंजतात त्या रेल आणि बॉलस्क्रू (गाडीला पुढेमागे ढकलणारा आट्यांचा दांडा), आणि ते लोखंडी असो की ॲल्युमिनियमचं, कुठल्याही मशीनवर सारखेच असतात. त्यांना रंग देता येत नाही. पावसाळ्यात संध्याकाळी काम थांबवून फणसाचा पिवळा भुसा रेलवर तसाच राहू दिला, तर सकाळी तो बोटाला ओलसर लागतो. पुसल्यावर खाली बारीक तांबूस ठिपके दिसतात. भुसा हवेतलं पाणी ओढून धरतो आणि रेलला रात्रभर चिकटून राहतो. म्हणून काम संपलं की व्हॅक्यूम, कोरडं फडकं, मग तेलाचा पातळ हात, आणि वर कापड. पैसे उरत असतील तर ते फ्रेमपेक्षा रेल झाकणाऱ्या घडीच्या भात्यांवर आणि बिटाभोवतीचा भुसा ओढून घेणाऱ्या डस्ट शूवर घाला.

रेल चौकोनीच घ्या. गोल, खालून आधार दिलेली रेल स्वस्त पडते आणि थोड्या वाकड्या बैठकीवरही चालते, हा तिचा एकमेव गुण. पण तिच्या बेअरिंगची उघडी बाजू भुशाला आत घेते. प्रोफाइलची फ्रेम घेणाऱ्याला तो गुण लागत नाही.

मीटरभरापर्यंत १६ मिलिमीटर व्यासाचा, ५ मिलिमीटर पिचचा (एका फेरीत गाडी तेवढी सरकवणारा) बॉलस्क्रू उत्तम. त्यापुढे लांब स्क्रू वेगात फिरताना दोरीसारखा झोका घेऊ लागतो; मोठ्या लोखंडी मशीनला रॅक आणि पिनियनच (दातेरी पट्टी आणि दातेरी चाक) हवं.

स्पिंडलच्या, म्हणजे बिट फिरवणाऱ्या मोटारीच्या, बाबतीत हातातला ट्रिमर बसवणं सोपं आणि स्वस्त, पण त्याचा आवाज शेजाऱ्यांना सहन होणार नाही आणि कार्बन ब्रश झिजत राहतात. रोज तासन्‌तास जाळ्या कापायच्या असतील तर व्हीएफडीवर (मोटारीचा वेग बदलणाऱ्या विजेच्या ड्राइव्हवर) चालणारा १.५ किंवा २.२ किलोवॉटचा, मिनिटाला २४,००० फेऱ्यांचा स्पिंडल घ्या. पाण्याने गार होणारा शांत असतो. त्याची टाकी साध्या पाण्याची ठेवा, बर्फ टाकू नका, नाहीतर दमट हवेत त्याच्या अंगावर दव धरेल. व्हीएफडी घेण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून घरचं अर्थिंग मोजून घ्या. कच्च्या अर्थिंगवर व्हीएफडीचा गोंगाट लिमिट स्विचच्या (गाडी टोकाला पोहोचली की मशीन थांबवणाऱ्या स्विचच्या) तारांत शिरतो आणि मशीन मध्येच विनाकारण थांबतं.

कंट्रोलर, म्हणजे मोटारींना हुकूम देणारी यंत्रणा, म्हणून नवख्याने छोट्या अर्डुइनो बोर्डवर चालणाऱ्या जीआरबीएल या प्रोग्रामपासून सुरुवात करावी. संगणकावर चालणाऱ्या माख ३ चं पॅरलल पोर्ट (जुनं प्रिंटरचं पोर्ट) ३२ बिटच्या जुन्या विंडोजवरच चालतं, म्हणजे जुना संगणक जिवंत ठेवण्याचं एक वेगळं काम मागे लागतं. लिनक्ससीएनसी ताकदीचं आहे, पण ते शिकायला सवड हवी. अर्डुइनो उनोवरचं जीआरबीएल मोटारीला सेकंदाला साधारण ३०,००० पल्स देतं, आणि एका पल्सला मोटार एक मायक्रोस्टेप, म्हणजे पावलाचा एक भाग, सरकते. फेरीला २०० पावलांची मोटार, ५ मिलिमीटर पिच आणि पावलाला ८ मायक्रोस्टेप धरले तर मिलिमीटरला ३२० पल्स, म्हणजे मिनिटाला सुमारे ५,६०० मिलिमीटरचा कमाल वेग. लाकडाला भरपूर झाला. मोटारीचा ड्रायव्हर १६ मायक्रोस्टेपवर ठेवलात तर तोच वेग निम्मा होतो, आणि बदल्यात कापात फरक दिसत नाही.

लाइट जाणं हाही पावसाळ्याचाच भाग. स्पिंडल सोडून फक्त कंट्रोलर आणि मोटारींना यूपीएस लावू नका: स्पिंडल थांबेल, मोटारी चालत राहतील आणि बिट मोडेल. सगळं एकदम बंद पडू द्या. होमिंग स्विच बसवलेले असतील तर लाइट आल्यावर होमिंग करा, म्हणजे मशीनला आपली मूळ जागा पुन्हा शोधायला लावा. जीआरबीएल कामाचा शून्य बिंदू आपल्या मेमरीत राखून ठेवतं, त्यामुळे अर्धवट जाळी तिथूनच पुढे सुरू करता येते.

आता वेळेचा हिशेब. लोखंड ठरलं असेल तर दिवाळीनंतर वेल्डिंग, कोरड्या दिवसांत इपॉक्सी किंवा बेळगावची फेरी, एप्रिलमध्ये रंग, मेमध्ये वायरिंग, असंच ते बसतं. पण हातात फक्त मे महिना उरला असेल आणि याच चवथीला मखर कापायचं असेल, तर ८० बाय ८० चं प्रोफाइल, २० मिलिमीटरच्या चौकोनी रेल आणि ६०० बाय ९०० चं टेबल मागवा. ते पाऊस सुरू झाल्यावरही पडवीत बसून जोडता येतं.